आठवी किल्ली

१

मामा सापडले तेव्हा त्यांच्या मुठीत एक सफरचंद होतं. तीन नंबरच्या खोलीत, दारापासून थोडंसं आत, पालथे पडलेले. अंगावर ओरखडा नाही, चेहऱ्यावर भीतीचा लवलेश नाही. हमालांनी श्वास रोखून त्यांना ओढून बाहेर काढलं, छाती दाबली, तोंडावर पाणी मारलं. पण त्या खोलीत गेलेला माणूस पाण्यानं उठत नसतो.

शीतगृहात मेला म्हटलं की लोकांना वाटतं, थंडीनं गारठला असेल. तसं नव्हे. सफरचंदं पुढच्या हंगामापर्यंत ताजी राहावीत म्हणून या सीलबंद खोल्यांतल्या हवेतला प्राणवायू काढून घेतलेला असतो. फळ गाढ झोपतं. माणूस आत शिरला तर दोन श्वासांत तोही झोपतो. वास नाही, ठसका नाही, काही म्हणजे काही कळत नाही. म्हणून खोली उघडायच्या आदल्या दिवशी मागच्या भिंतीवरची झडप उघडून बाहेरची हवा आत सोडायची, आणि सकाळी ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर त्या खोलीचा आकडा बघायचा. एकवीस दिसला की आपल्या अंगणातली हवा, खुशाल जा. त्याहून कमी असेल तर दाराला हातसुद्धा लावायचा नाही.

मामांनी हा नियम उभ्या आयुष्यात मोडला नव्हता. सात खोल्यांच्या किल्ल्या आणि ऑफिसची किल्ली, सगळा जुडगा त्यांच्या गळ्यात असे. शिवाय ते हसत म्हणायचे, खोल्यांची आठवी किल्ली माझ्या भाचीनं केलीय. ती आठवी किल्ली म्हणजे एक फ्लॉपी डिस्क. तो कॉम्प्युटर म्हातारा. कधी मधी रुसून बसे, सुरूच व्हायचा नाही. मग ही डिस्क त्याच्या तोंडात सारायची. तो तिच्यावरून जागा होई आणि खोल्यांचे आकडे दाखवी. डिस्कवर भाचीच्या अक्षरातली चिठ्ठी चिकटवलेली होती: ‘मामा, अडलं तरच वापरा.’

भाची कॉम्प्युटर दुरुस्त करून पोट भरायची. आख्खी गल्ली तिला डिस्कवाली म्हणायची, आणि तिलाही त्याचं काही वाटायचं नाही.

दिवस मावळायच्या आत सगळ्यांच्या तोंडी एकच गोष्ट झाली होती. म्हातारा झडप उघडायला विसरला. ती बंदच सापडली. सकाळी कॉम्प्युटर सुरू झाला नाही. डिस्क घातली, तीही नासकी निघाली; ती आत होती तरी पडदा काळाच होता. बाहेर मालाची गाडी खोळंबलेली, म्हणून तसाच आत गेला आणि संपला.

ही गोष्ट घरी येऊन सांगितली ती शीतगृहाच्या व्यवस्थापकानं. सगळे त्याला साहेब म्हणत. भला माणूस, मामांना खांदा दिला, लाकडांपासून गाडीपर्यंत सगळं त्यानंच बघितलं. आईसमोर खाली मान घालून तो म्हणाला की पोरीला बोल लावू नका, डिस्क काय, कुणाचीही बिघडते. बोल लावू नका म्हणता म्हणता त्यानं तो बरोब्बर लावून ठेवला.

आई मामांची थोरली बहीण. बायको गेल्यापासून मामा यांच्याच घरी राहायचे. त्या दिवसापासून आईनं लेकीशी बोलणं टाकलं. भांडली असती, चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तिनं नुसता लेकीच्या हातचा चहा घ्यायचं बंद केलं. कप तसाच गार होई आणि ती तो मुकाट्यानं मोरीत ओती.

२

डिस्क फौजदाराच्या ताब्यात होती. निवृत्तीला टेकलेला, खोकल्यानं बेजार झालेला माणूस. अपघात म्हणून कागद बंद करायला त्याची ना नव्हती, पण एक गोष्ट त्याला खुपत होती. इतकी वर्षं त्या खोल्यांत वावरलेला माणूस आंधळ्यासारखा आत जाईल कसा? त्यानं डिस्कवालीला बोलावलं, पाकीट पुढं केलं आणि म्हणाला, तपासून सांगा. तुमच्यावरच बालंट आहे हे माहीत आहे मला. म्हणूनच तुम्ही खोटं बोललात तर ते कळेल.

तिनं घरी येऊन डिस्क आपल्या यंत्रात घातली. यंत्र घरघरलं, कण्हलं आणि गप्प झालं. पुन्हा घातली. पुन्हा तेच. दुसऱ्या यंत्रात घातली, तिथंही वाचली जाईना. डिस्क खरोखरच नासकी होती.

ती टेबलाशी बसून राहिली. मामा गेले ते आपल्या हातानं, हे एकदा मनात शिरलं की बाहेर काढायला दार नसतं. तिला त्यांच्याशी झालेलं शेवटचं नीट बोलणं आठवलं. जेवताना मामांनी सहज विचारलं होतं की नव्या माणसांना शिकवायला तू तो सरावाचा पडदा करून दिलायस ना, तो चालू राहिला तर खोलीचा खरा आकडा दिसतो का गं? ती कुठल्याशा तारेच्या गुंत्यात होती. मान वर न करता म्हणाली होती की नाही, सरावात सगळीकडे नुसतं एकवीसच दिसतं, वर कोपऱ्यात ‘सराव’ असं लिहिलेलं येतं. मामा ‘हं’ म्हणाले आणि ताटातला घास तसाच ठेवून उठले. त्यांचं काय बिनसलं, हे विचारायचंही तिला सुचलं नाही. आता सुचत होतं, पण आता काय उपयोग?

मग तिचं लक्ष चिठ्ठीकडे गेलं. एक कोपरा सुरकुतला होता आणि ती जरा तिरकी बसली होती. मामांची बोटं लागली असतील, म्हणून तिनं तेव्हा सोडून दिलं.

तिची एक खोड होती. अशी डिस्क करताना ती नेहमी दोन करी, एक गिऱ्हाइकाला आणि तिची जुळी आपल्या फळीवर. शिवाय एका यंत्रावर केलेली डिस्क दुसऱ्या यंत्रावर चालवून बघितल्याशिवाय ती हातावेगळी करत नसे. मामांना आणि साहेबांना डिस्क करायला शिकवली त्या दुपारीही तिनं हेच घोकून घेतलं होतं. मामांनी पाठ केलं. साहेब तेव्हा फोनवर होते.

तिनं फळीवरची जुळी काढली आणि यंत्रात सारली. क्षणात पडदा उजळला. जुळी ठणठणीत होती. एकाच दुपारी, एकाच यंत्रावर, एकाच खोक्यातून काढून केलेल्या दोन डिस्का. एक जिवंत आणि एक मेलेली, हे कसं?

३

दुसऱ्या दिवशी ती शीतगृहात गेली. फौजदारानं चौकशीची मुभा दिली होती.

मालकीणबाई पांढऱ्या केसांच्या, कडक. त्यांनी सरळ कबूल केलं की तीन नंबर उघडायचा निरोप त्यांचाच होता, गाडी आली होती. पण घाई कर असं मी म्हटलं नाही, त्या म्हणाल्या, आणि म्हटलं असतं तरी त्यानं ऐकलं नसतं. मलाच दोनदा दारातून परत पाठवलंय त्यानं. बोलता बोलता त्या दाराकडे बघायला लागल्या. डिस्कवालीला वाटलं, या बाईला मामांची भीती वाटायची आणि आता चुकल्याचुकल्यासारखं होतंय.

कारकुनाला सगळे टिपकागद म्हणत, कारण कुणी काही बोललं की ते त्याच्यात मुरायचं आणि बाहेर यायचं नाही. मामांना आधी त्यानंच बघितलं होतं. बघितल्याबरोबर त्यानं पहिली गोष्ट केली ती म्हणजे धावत जाऊन मेन स्विच पाडला. का, तर काहीही झालं की आधी मेन स्विच, असं त्याच्या डोक्यात बसलेलं. म्हणजे कॉम्प्युटर चालू असता तरी तेव्हाच बंद पडला असता. पडदा उजळलेला होता का, असं तिनं विचारलं. लक्ष नव्हतं, तो म्हणाला. मग कॉम्प्युटर कधी हलवला होता का, असं विचारलं, तर त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. ऑफिसला रंग देताना साहेबांच्या खोलीत नेला होता, एवढंच तो बोलला आणि पाणी प्यायला उठला. काहीतरी लपवत होता, हे लहान पोरालाही कळलं असतं.

साहेबांनी तिला खुर्ची दिली, चहा मागवला. हो, कॉम्प्युटर माझ्या खोलीत होता, म्हणाले. खोल्या सगळ्या सीलबंद, आत कुणी जायचं नव्हतं, म्हणून त्यावाचून काही अडलं नाही. डिस्कचा डबाही त्याच्यासोबतच होता. रंग वाळेपर्यंत चादरीखाली झाकून ठेवला होता, वायरसुद्धा जोडली नाही. माझी खोली मी कुलूप लावूनच जातो. मामा गेले त्याच्या आदल्या संध्याकाळी परत नेऊन ठेवला, टिपकागदानं वायरी जोडल्या, आणि तुमच्या मामांनी स्वतः ऑफिसला कुलूप घातलं. मग हळूच म्हणाले की झालं गेलं विसरा, आईला सांभाळा.

निघताना फळं निवडायच्या शेडमध्ये एका बाईनं तिचा पदर ओढला. गेल्या हंगामात मेलेल्या हमालाची ती बायको. नवरा पाच नंबरच्या खोलीत गेला होता; हृदय बंद पडलं असं सगळ्यांनी सांगितलेलं. बाई म्हणाली की मामा मला भेटले होते. म्हणाले, तुझ्या नवऱ्याच्या काळजाला काही झालं नव्हतं. मला एकदा एका माणसाला विचारू दे, मग तुला सगळं सांगतो.

मामांची ही जुनी सवय. कुणाबद्दल बोलायच्या आधी त्याच माणसाला तोंडावर जाऊन विचारायचं. पण त्यांनी विचारलं कुणाला?

४

ती फौजदाराला घेऊन ऑफिसात आली. कॉम्प्युटर जसाच्या तसा होता. आतली मोठी डिस्क शाबूत होती, फक्त सुरू होण्यापुरत्या फाइली पुसल्या गेल्या होत्या. वीज गेल्यावर असं कधी कधी होतं. कुणी मुद्दाम केलं तरी असंच दिसतं.

तिनं घरची जुळी डिस्क त्यात सारली. घरघर, कण्हणं, शांतता. घरी ठणठणीत चाललेली डिस्क इथं वाचलीच गेली नाही. तिनं पुन्हा पुसून, फुंकून घातली. नाही म्हणजे नाही.

फौजदार खोकत म्हणाला, “म्हणजे यंत्रच बिघडलंय. मग तर तुमच्या मामांची डिस्क चालायचा प्रश्नच नव्हता.”

“ती पण घालून बघू,” ती म्हणाली. तिला स्वतःलाही त्यात काही अर्थ वाटत नव्हता.

पाकिटातली डिस्क आत गेली. यंत्र जराही न कुरकुरता जागं झालं. पडद्यावर सात खोल्या उभ्या राहिल्या आणि सातही खोल्यांपुढे एकच आकडा होता, एकवीस.

फौजदारानं सुटकेचा श्वास सोडला. चालतेय की डिस्क, आणि हवाही चांगली दिसतेय. पण डिस्कवालीनं सहा नंबरच्या आकड्यावर बोट ठेवलं. सहा नंबरची खोली हंगामाच्या सुरुवातीपासून उघडलेली नव्हती, तिचं सीलसुद्धा शाबूत होतं. तिथं एकवीस कुठून येणार?

तिनं फौजदाराला सहा नंबरच्या दाराशी नेलं. फळं तपासायला दारात वितीएवढी खिडकी असते. तिनं त्याला काडी ओढायला सांगितलं, खिडकी उघडली आणि जळती काडी आत धरायला लावली. ज्योत विझली. फडफडलीसुद्धा नाही. फौजदारानं हात असा मागे घेतला, जणू काही चावलं. खिडकी तिनं लगेच बंद केली.

ऑफिसात परत आल्यावर तिनं कॉम्प्युटर उचलून उलटा केला. मागचा एक कोपरा चेपलेला होता आणि खालचा रबरी पाय तुटलेला. तिनं टिपकागदाला हाक मारली, चेपलेला कोपरा दाखवला आणि काही विचारलं नाही. त्याच्या डोळ्यांतून पाणीच आलं. जिन्यात निसटला हो हातातून, तो म्हणाला. साहेबांच्या खोलीकडे नेताना. तिथं कुणी नव्हतं. नोकरी जाईल म्हणून कुणाला बोललो नाही. मामा गेल्यापासून मला वाटतंय, तो पडल्यामुळेच सुरू झाला नसेल, मीच मारलं त्यांना.

म्हणजे या घरात नि त्या घरात, दोन माणसं एकाच मेलेल्या माणसाचं ओझं उगाच वाहत होती. आणि ज्यानं वाहायला हवं, तो चहा मागवत होता.

५

साहेबांच्या खोलीत सगळे जमले. मालकीणबाई, टिपकागद, फौजदार आणि साहेब. डिस्कवाली उभीच राहिली.

ती म्हणाली की ज्या ड्राइव्हमध्ये डिस्क घालतात, त्यात लिहिणारं-वाचणारं एक बारीकसं टोक असतं. कॉम्प्युटर जिन्यात आपटला तेव्हा ते टोक केसभर सरकलं. तेव्हापासून हे यंत्र वाकडं लिहितं आणि फक्त आपलंच वाकडं वाचू शकतं. बाहेरची सरळ लिहिलेली डिस्क त्याला वाचता येत नाही, आणि त्यानं लिहिलेली बाहेर कुणाला वाचता येत नाही. म्हणून माझी जुळी इथं मुकी आणि मामांच्या हातातली माझ्या घरी मुकी.

मालकीणबाईंनी विचारलं की मग त्याचा अर्थ काय.

अर्थ एवढाच, ती म्हणाली, की मामांनी घातलेली डिस्क मी केलेलीच नाही. माझी डिस्क कॉम्प्युटर पडायच्या आधीची, माझ्या यंत्रावरची. ही पडल्यानंतरची आहे, आणि ह्याच यंत्रावर केलेली. चिठ्ठी तेवढी माझी. सोलून हिच्यावर चिकटवली, म्हणून तिरकी. आत सरावाचा पडदा आहे, फक्त कोपऱ्यातला ‘सराव’ हा शब्द काढून टाकलाय. यंत्र सुरू होऊ नये म्हणून आधी त्याच्या फाइली पुसल्या, म्हणजे मामा ही डिस्क घालणारच. मामांनी उघडलेली मागची झडप, हवा आत भरायच्या आधीच, रात्री बंद केली. ती बाहेरच्या भिंतीवर आहे, तिथं कुणीही जाऊ शकतं. सकाळी मामांनी आकडा बघितला. एकवीस. नियमानं वागले आणि मेले.

साहेबांनी उठून पंखा वाढवला.

“पडल्यापासून मामा जाईपर्यंत हा कॉम्प्युटर होता कुठे?” तिनं विचारलं. “या खोलीत, तुमच्या कुलपात. परत ऑफिसात आला तेव्हा मामांच्या कुलपात गेला. मधे दुसऱ्या कुणाचा हात लागायला जागाच नाही. आणि तुम्ही म्हणालात, वायरसुद्धा जोडली नव्हती.”

साहेबांनी रुमालानं कपाळ पुसलं. शांतपणे म्हणाले की मी कशाला वाकडं करेन त्यांचं, माझा काय संबंध.

तिनं हमालाच्या बायकोचं नाव काढलं नाही. नुसतं पाच नंबरच्या खोलीबद्दल बोलली. गेल्या हंगामात नव्या माणसांना शिकवून झाल्यावर सरावाचा पडदा तसाच राहिला. मामा त्या दिवशी रजेवर होते. हमालानं एकवीस बघितला. कोपऱ्यातला शब्द त्याला वाचता येत नव्हता. तो गेला, आणि शिकवणाऱ्यानं पडदा गुपचूप बदलला. मामांच्या ते उशिरा लक्षात आलं. माझ्याकडून त्यांनी खात्री करून घेतली आणि मग, नेहमीप्रमाणे, आधी त्याच माणसाला जाऊन विचारलं.

“मामांची डिस्क माझ्या यंत्रात चालेना तेव्हा मी ती दुसऱ्या यंत्रातही घालून बघितली,” ती म्हणाली. “मामांनीही बघितली असती, मी तुम्हा दोघांना तसं शिकवलं होतं. तुम्हाला वाटलं माझी डिस्क खराब झाली. तुम्ही नवी केलीत आणि इथंच चालवून बघितलीत. दुसऱ्या यंत्रात एकदा घातली असतीत तर तेव्हाच कळलं असतं की ह्या यंत्राची खूण तिच्यावर बसलीय.”

साहेब खिडकीबाहेर बघत होते. खाली शेडमध्ये बायका फळं निवडत होत्या. बोलले तेव्हा त्यांचा आवाज तसाच मऊ होता, घरी येऊन सांत्वन करताना होता तसा.

“पहिला तर चुकून मेला हो. एवढं मी त्यांना सांगितलं. हात जोडले. म्हटलं, पोरंबाळं आहेत मला.”

“आणि ते काय म्हणाले?” फौजदारानं विचारलं.

“म्हणाले, त्यालाही होती.”

मालकीणबाई उठून उभ्या राहिल्या आणि पुन्हा बसल्या. टिपकागद भिंतीला टेकून रडत होता. फौजदारानं साहेबांच्या दंडाला धरलं तेव्हा ते विरोध न करता उठले, जाताना सवयीनं पंखा बंद केला, आणि दाराला कुलूप लावायला वळले तर किल्ली फौजदारानं काढून घेतली.

हमालाच्या बायकोला सगळं सांगायचं काम डिस्कवालीवरच आलं, कारण मामांनी तिला शब्द दिला होता. बाईनं ऐकून घेतलं. हातातलं सफरचंद पेटीत ठेवलं, दुसरं उचललं, बघितलं, ठेवलं. मग म्हणाली, इतके दिवस मी आमच्या ह्यांच्या विडीला शिव्या घालत होते, तिनंच काळीज बंद पडलं म्हणून.

६

घरी आई स्वयंपाकघरात पाटावर बसली होती. लेकीनं समोर बसून सगळं सांगितलं. डिस्क माझी नव्हती, हे सांगताना तिला वाटलं होतं की छातीवरची धोंड उतरेल. ती उतरली नाही. चिठ्ठीची गोष्ट मात्र तिनं गाळली. ती एवढी एक गोष्ट तिला आईला सांगायची नव्हती.

आईनं विचारलं, “यंत्र सुरू होत नाही म्हटल्यावर तो परत फिरायचा. तुझी डिस्क नव्हती तेव्हा दहादा फिरलाय. त्या दिवशी कसा नाही फिरला?”

“आकडा दिसला ना त्यांना.”

“रुसलेल्या यंत्राच्या आकड्यावर त्याचा कधी भरवसा होता? यंत्रावर तरी होता का?” आईनं लेकीकडे बघितलं, त्या दिवसानंतर पहिल्यांदा. “डिस्कवर तुझं अक्षर होतं.”

लेकीला मान वर करवेना. जे लपवायचं ठरवलं होतं ते आईला आधीच कळलेलं होतं. भावाला ती जन्मापासून ओळखत होती. दुसऱ्या कुणाच्या अक्षराला मामा फसले नसते. त्या माणसानं दाराची किल्ली म्हणून तिचाच हात वापरला होता, आणि हे कुठल्याही फौजदाराच्या कागदावर येणार नव्हतं. ती हमसून रडायला लागली. मामा गेल्यापासून ती अशी रडली नव्हती.

आई उठली. चहाचं आधण ठेवायला गेली आणि मधेच थांबली. डबा लेकीच्या पुढ्यात ठेवला.

“तूच कर,” ती म्हणाली. “तुझं अक्षर बघून गेला, म्हणजे घाबरत तरी गेला नसेल तो.”

लेकीनं डोळे पुसले आणि चहा केला. ओतताना थोडा बशीत सांडला. आईनं कप घेतला, बशीतलाही पुन्हा कपात ओतला, आणि गार व्हायच्या आत संपवला.